योहान सेबास्टियन बाख : एका निवासी शाळेचा संगीतशिक्षक

जर्मनीतील ओरड्रुफ या लहानशा गावच्या शाळेच्या नोंदवहीत १५ मार्च १७०० या तारखेला एका विद्यार्थ्याने शाळा सोडल्याची नोंद आहे. मुलगा हुशार होता, वर्गात वरच्या क्रमांकात होता. त्याच्या हातून काही अपराधही घडलेला नव्हता. नोंदवहीत दिलेले कारण एवढेच आहे, की त्याच्या राहण्या-जेवणाची विनामूल्य सोय संपली. आईबाप आधीच गेलेले. पंधरावे वर्ष पूर्ण व्हायला अवघे सहा दिवस उरले होते. सोबतीला एक वर्गमित्र घेऊन तो मुलगा सुमारे तीनशे किलोमीटर उत्तरेला असलेल्या ल्यूनेबुर्ग नगराकडे निघाला. तेथील एका शाळेत गोड गळ्याच्या गरीब मुलांना फुकट ठेवून घेतात, असे त्याला कळले होते.

त्या मुलाचे नाव योहान सेबास्टियन बाख. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात ज्याच्या नावाशी एक संपूर्ण युग येऊन थांबते, तो हा संगीतकार. त्याच्या थोरवीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्याच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना एकेक निवासी शाळा उभी आहे, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. पहिल्या शाळेने त्याला पोरकेपणातून वर काढले. दुसऱ्या शाळेत त्याने आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे शिक्षक म्हणून काढली. वसतिगृहातील एक जागा म्हणजे काय, हे ज्यांनी ती मिळवली आणि ज्यांनी ती गमावली, त्यांनाच पुरतेपणी कळते. बाखला दोन्ही अनुभव ठाऊक होते. म्हणूनच त्याच्या चरित्राकडे शाळेच्या अंगाने पाहणे अगत्याचे वाटते.

बालपण आणि पोरकेपण

२१ मार्च १६८५ रोजी थुरिंगिया प्रांतातील आयझेनाख येथे सेबास्टियनचा जन्म झाला. आठ भावंडांत तो सर्वांत धाकटा. घराण्यात वाजंत्र्याचा व्यवसाय पिढ्यानुपिढ्या चालत आलेला. वडील योहान अँब्रोसियस हे नगराचे नोकर होते. नगरसभेच्या इमारतीवरून दिवसातून दोनदा वाद्ये वाजवणे, समारंभांना आणि चर्चमध्ये साथ करणे हे त्यांचे काम. त्या समाजात संगीतकाराला कारागिराहून किंवा चाकराहून फारशी वेगळी प्रतिष्ठा नव्हती. मुलगा बापाचे वाद्य उचलतो, हे लोहाराच्या मुलाने हातोडा उचलण्याइतके सरळ मानले जाई.

सेबास्टियन आयझेनाखच्या लॅटिन शाळेत जाऊ लागला. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी धर्मसुधारक मार्टिन लूथर याच गावात शिकत होता आणि दारोदार गाऊन भाकरी मिळवत होता. गरीब विद्यार्थ्यांनी रस्त्यावर गाऊन पैसे जमवण्याची ही प्रथा बाखच्या काळातही चालू होती. शाळेच्या हजेरीत या मुलाची गैरहजेरी मोठी दिसते. घरातील परिस्थिती पाहता त्याचे नवल वाटत नाही. १६९४ च्या मे महिन्यात आई गेली. नऊ महिन्यांत, फेब्रुवारी १६९५ मध्ये, वडीलही गेले. दहा वर्षांचाही न झालेला हा मुलगा ओरड्रुफ येथे ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाच्या, योहान क्रिस्टोफच्या घरी आला.

क्रिस्टोफ हा त्या काळचे नामवंत संगीतकार पाखेलबेल यांचा शिष्य. त्याने धाकट्या भावाला वाद्याच्या पट्ट्यांवर बोटे कशी ठेवावीत येथपासून शिकवले. या घरातील एक कथा बाखच्या मुलाने पुढे लिहून ठेवली आहे. मोठ्या भावाजवळ नामांकित रचनाकारांच्या वादनकृतींची एक हस्तलिखित वही होती. ती जाळीच्या कपाटात कुलूपबंद असे. सेबास्टियन रात्री जाळीतून हात घालून वही गुंडाळून बाहेर काढी आणि दिवा मिळत नसल्याने चंद्रप्रकाशात उतरवून घेई. सहा महिन्यांनी नक्कल पूर्ण झाली, तेव्हा भावाला ते कळले आणि त्याने ती काढून घेतली. कथेत कुटुंबाच्या अभिमानाची थोडी भर पडली असेल. परंतु दुसऱ्यांच्या रचना उतरवत शिकणे ही बाखची आयुष्यभराची रीत होती, यात शंका नाही. वायमार येथील ग्रंथालयात त्याच्या कुमारवयातील अशा प्रती सापडल्याचे २००६ साली जाहीर झाले. त्यांतील एक ल्यूनेबुर्ग येथे १७०० साली, म्हणजे त्याच्या पंधराव्या वर्षी, उतरवलेली आहे. छापील पुस्तके परवडत नसलेल्या मुलाने हाताने लिहून आपले ग्रंथालय उभे केले होते.

हाती आलेला वारसा

त्या वह्यांमधून त्याच्या हाती जे आले, त्यामागे दोन हजार वर्षांचा प्रवास होता. तार निम्मी केली की वरच्या सप्तकातील तोच स्वर निघतो आणि दोन-तृतीयांश केली की पंचम निघतो, हे नाते ग्रीक परंपरा पायथागोरसच्या नावावर सांगते. स्वर आणि गणित यांची ही सोयरीक युरोपने कधी सोडली नाही. मध्ययुगात संगीत मठांत आणि चर्चच्या शाळांत जपले गेले. तेथे शेकडो भजने मुलांना केवळ ऐकून पाठ करावी लागत आणि त्यात वर्षे जात. अकराव्या शतकात इटलीतील आरेझ्झो येथे गायकमुलांना शिकवणारा गिडो नावाचा साधू या कष्टांनी अस्वस्थ झाला. त्याने आडव्या रेघांवर स्वरांच्या जागा ठरवून दिल्या आणि स्वर ओळखण्यासाठी उत्, रे, मी, फा, सोल, ला अशी नावे योजली; उत् चा पुढे दो झाला. आता कधीही न ऐकलेले गीत मुलगा कागदावरून वाचून गाऊ शकत होता. पाश्चात्त्य संगीतातील ही मोठी क्रांती एका शिक्षकाने विद्यार्थ्यांचे श्रम वाचावेत म्हणून केली.

हीच लेखनपद्धती पुढे पोर्तुगीज अमलात गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत पोहोचली. तेथे स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेल्या अनेक गोवेकर वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांना आधार दिला. अक्षरओळखीप्रमाणे स्वरओळखही भाकरी देऊ शकते, याचे हे आपल्या जवळचे उदाहरण.

स्वर कागदावर उतरू लागल्यामुळे आणखी एक गोष्ट शक्य झाली. आपल्या रागसंगीतात एका वेळी एक स्वररेषा चालते आणि तिच्यात खोल जाणे हे गायकाचे ध्येय असते. युरोपात बाराव्या शतकापासून, विशेषतः पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या परिसरात, एकाच वेळी दोन, तीन, चार स्वतंत्र स्वररेषा गुंफण्याची कला वाढू लागली. सोळाव्या शतकात इटलीत पालेस्ट्रीनाच्या हातून तिला निर्मळ रूप आले. १६०७ साली मोन्तेव्हेर्दीच्या ‘ऑर्फेओ’ या संगीतनाटकाने माणसाच्या भावनांना त्या संगीतात नवी जागा दिली. ज्याला बरोक म्हणतात ते युग येथून रंगू लागले. इकडे जर्मनीत लूथरने संगीताला धर्मशास्त्राच्या खालोखाल मान दिला आणि शाळेत गायन आवश्यक ठरवले. त्यामुळे लहान लहान गावांतल्या शाळांतून गायकवृंद उभे राहिले आणि गळ्याच्या जोरावर गरीब मुलाला शिक्षण मिळण्याची वाट तयार झाली. सेबास्टियन त्याच वाटेने निघाला होता.

ल्यूनेबुर्ग : मिळालेली जागा

ल्यूनेबुर्गच्या सेंट मायकेल शाळेत सेबास्टियन आणि त्याचा मित्र गेओर्ग एर्डमान या दोघांनाही प्रवेश मिळाला. सुमारे पंधरा निवडक मुलांचा एक गायकवृंद तेथे होता. गरीब घरचे आणि चांगल्या गळ्याचे असणे ही त्याची अट. मोबदल्यात राहणे, जेवणे, शिक्षण आणि दरमहा थोडी रक्कम मिळे. शाळेचा संगीतसंग्रह समृद्ध होता. गावात गेओर्ग ब्योमसारखा उत्तम ऑर्गनवादक होता. राइन्केन यांचे वादन ऐकण्यासाठी सेबास्टियन येथूनच हाम्बुर्गच्या वाऱ्या करू लागला.

येथे आल्यावर थोड्याच काळात त्याचा आवाज फुटला. ज्या गळ्यासाठी त्याला जागा मिळाली होती, तो गळाच राहिला नाही. परंतु शाळेने त्याला काढून टाकले नाही. वाद्ये वाजवणारा विद्यार्थी म्हणून त्याचा उपयोग होत असावा, असे चरित्रकार मानतात. कारण काहीही असो. तो सुमारे दोन वर्षे तेथे राहिला आणि शिकला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तीस वर्षांनी हाच प्रश्न उलट बाजूने त्याच्यासमोर यायचा होता.

राजांच्या आणि नगरांच्या चाकरीत

अठराव्या वर्षी, १७०३ मध्ये, बाख आर्नश्टाट येथील चर्चमध्ये ऑर्गनवादक झाले. तेथील विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाशी त्यांचे जमेना. फॅगॉट हे फुंकवाद्य वाजवणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी काहीतरी अपमानकारक म्हटले आणि भर रस्त्यात हातघाईचा प्रसंग ओढवला. १७०५ च्या अखेरीस त्यांनी चार आठवड्यांची रजा घेतली आणि बुक्स्टेहूड या थोर ऑर्गनवादकाला ऐकण्यासाठी ल्यूबेकपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर पायी गेले. परतले ते जवळजवळ चार महिन्यांनी. अधिकाऱ्यांनी जाब विचारला. शिकण्याची भूक आणि नेमणुकीची शिस्त यांचा हा झगडा त्यांच्या आयुष्यात अनेकदा दिसतो. आणि प्रत्येक वेळी चूक समोरच्याचीच होती, असे म्हणता येत नाही.

१७०७ मध्ये म्यूलहाउझेन येथे नेमणूक आणि मारिया बार्बराशी विवाह, १७०८ पासून वायमारच्या दरबारी नोकरी. तेथे इटालियन रचनाकार व्हिवाल्डी यांची कॉन्चेर्टो त्यांच्या हाती पडली. त्यांनी ती एकट्याने वाजवता येतील अशी पट्टीवाद्यांसाठी उतरवली आणि उतरवता उतरवता त्यांतील बांधणी आत्मसात केली. १७१७ मध्ये क्योटेनच्या राजपुत्राने चांगली जागा देऊ केली. वायमारचा अधिपती मोकळे करीना. बाखनी हट्ट धरला, तेव्हा त्याने त्यांना ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर असे जवळजवळ चार आठवडे कैदेत ठेवले आणि मग अवकृपेने निरोप दिला. युरोपातील एका श्रेष्ठ वादकाचे समाजातील स्थान त्या काळी असे होते.

क्योटेनची वर्षे कलादृष्ट्या भरभराटीची ठरली. ‘ब्रान्डेनबुर्ग’ कॉन्चेर्टो, एकट्या व्हायोलिनसाठीच्या रचना, ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या संग्रहाचा पहिला भाग या काळातल्या. या शेवटच्या कृतीचे महत्त्व समजायला आपली पेटी पुरेशी आहे. पेटीत एका सप्तकाचे बारा स्वर कायमचे बसवलेले असतात. शुद्ध पंचमाच्या नात्याने एकामागून एक स्वर मिळवत बारा पावले गेलो, तर आपण मूळ स्वरावर तंतोतंत परत येत नाही. किंचित वर जातो. हे अंतर बारा स्वरांत कुठे आणि कसे मुरवायचे, हा पट्ट्यांच्या वाद्यांपुढचा जुना पेच. त्या वेळी अशा नव्या जुळण्या पुढे येत होत्या, ज्यांत कोणताही स्वर आधार धरला तरी वाद्य बेसूर होत नसे. बाखनी १७२२ मध्ये बारा स्वरांपैकी प्रत्येकाला आधार मानून, मेजर आणि मायनर अशा दोन्ही छटांत, प्रीलूड आणि फ्यूग यांच्या चोवीस जोड्या रचल्या. शिकू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी आणि जाणत्यांच्या विरंगुळ्यासाठी हा संग्रह आहे, असा हेतू त्यांनी मुखपृष्ठावर नोंदवला.

फ्यूग म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. एक आवाज एक छोटी स्वरकल्पना मांडतो. ती पुरी होताच दुसरा आवाज तीच कल्पना दुसऱ्या उंचीवर उचलतो; त्या वेळी पहिला गप्प बसत नाही, आपल्या वाटेने पुढे जातो. मग तिसरा येतो, चौथा येतो. यात कोणीही नुसता साथीदार नसतो. प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल असते आणि तरीही सर्वांचे मिळून एक बनते. बाखच्या आधी कित्येकांनी फ्यूग लिहिले. इतकी शिस्त आणि इतका जिव्हाळा एकत्र नांदवणे मात्र क्वचितच कोणाला साधले.

या भरभराटीतच घाव बसला. जुलै १७२० मध्ये बाख राजपुत्राबरोबर कार्ल्सबाडला गेले असताना मारिया बार्बरा वारल्या. ते घरी परतले, तेव्हा दफनही झालेले होते. चार लहान मुले मागे होती. पुढील वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी अन्ना माग्डालेना या दरबारी गायिकेशी विवाह केला. दोन्ही विवाहांतून त्यांना वीस मुले झाली. त्यांपैकी दहाच मोठी झाली.

टॉमस शाळा

मुलांना विद्यापीठाच्या गावी शिकता यावे, या विचाराने बाखनी दरबार सोडून शाळेची नोकरी पत्करली. लाइपझिग येथील टॉमस शाळा १२१२ साली मठाबरोबर स्थापन झालेली. तिच्या कँटरपदासाठी, म्हणजे गायनशिक्षक आणि नगराच्या चर्चसंगीताचा प्रमुख या जागेसाठी, नगरसभेची पहिली पसंती टेलेमानला होती. त्याने हाम्बुर्ग सोडले नाही. मग ग्राउपनरला विचारले. त्याला त्याच्या धन्याने सोडले नाही. अशा रीतीने मे १७२३ मध्ये बाख रुजू झाले.

शाळेत सुमारे पंचावन्न मुले वसतिगृहात राहत. इमारत जुनी, जागा अपुरी, दाटी भलतीच. आणि त्याच इमारतीच्या एका भागात बाख यांचे कुटुंब राहत असे. दर चौथ्या आठवड्याला देखरेखीची पाळी येई. उन्हाळ्यात पहाटे पाचला मुलांना उठवणे, प्रार्थना, जेवणावर नजर, रात्री सर्वजण जागेवर आहेत का ते पाहणे, ही सारी कामे ब्रान्डेनबुर्ग कॉन्चेर्टोच्या कर्त्याला करावी लागत. लॅटिनचे तासही त्यांच्याकडे होते. ते त्यांनी पदरचे पैसे देऊन एका सहकाऱ्यावर सोपवले. याखेरीज मुलांचे चार गट करून नगरातील चार चर्चना गायक पुरवायचे. लग्ने आणि अंत्ययात्रा यांतही मुले गात.

पहिल्या काही वर्षांत बाखनी जवळजवळ दर रविवारी एक नवी कान्ताता सादर केली. कान्ताता म्हणजे गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली, साधारण वीस-पंचवीस मिनिटांची प्रसंगोचित गानमाला. आठवड्याच्या सुरुवातीला रचना करायची. मग घरची मंडळी आणि शाळेतील विद्यार्थी टेबलाभोवती बसून प्रत्येक गायक-वादकाच्या प्रती पिसाच्या लेखणीने उतरवून काढणार. शनिवारी तालीम, रविवारी सकाळी सादरीकरण, आणि लगेच पुढच्या रविवारची चिंता. त्यांच्या सुमारे दोनशे कान्ताता आज उपलब्ध आहेत. चर्चमध्ये स्त्रियांना गाता येत नसे. त्यामुळे वरच्या पट्टीतील प्रत्येक सूर या वसतिगृहातल्या मुलांच्या कंठातून निघाला. १७२७ च्या गुड फ्रायडेला सादर झालेले ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हे प्रचंड संगीत दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद यांच्यासाठी आहे. येशूच्या छळाची आणि मृत्यूची ही कथा आहे. पण तिच्यातील करुणा ओळखण्यासाठी ऐकणाऱ्याने त्या धर्माचे असण्याची गरज पडत नाही. आज जगातील नामवंत गायक ज्या रचनेपुढे दबून जातात, ती शाळकरी मुलांना शिकवून उभी केलेली होती.

चोपन्न मुलांची यादी

शाळा आणि शिक्षक यांचे जमले मात्र नाही. १७३० च्या ऑगस्टमध्ये नगरसभेच्या बैठकीत बाख यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या : तास घेत नाहीत, रजा न घेता जातात, सांगितलेले ऐकत नाहीत. त्यांच्या वरकड उत्पन्नाला कात्री लावण्याचे ठरले. तक्रारींत तथ्य होते. त्याच महिन्याच्या २३ तारखेला बाखनी नगरसभेला एक निवेदन दिले. उत्तम चर्चसंगीतासाठी किती गायक आणि वादक लागतात आणि प्रत्यक्षात किती आहेत, याचा तो रोखठोक हिशेब आहे. अखेरीस त्यांनी चोपन्न विद्यार्थ्यांची प्रतवारी केली : सतरा उपयोगी, वीस अजून तयार न झालेले, सतरा निरुपयोगी.

ही यादी वाचताना मन दुभंगते. बाख यांचे म्हणणे खरे होते. ही शाळा गायकांसाठी म्हणून दाने मिळवत होती आणि प्रवेश देताना गळा पाहिला जात नव्हता. अशा स्थितीत चार चर्चचे संगीत उभे राहणे अशक्य होते. तरीही ज्या सतरा मुलांपुढे निरुपयोगी हा शेरा पडला, त्यांच्या दृष्टीने ती वसतिगृहातली जागाच होती. ल्यूनेबुर्गच्या शाळेने आवाज फुटलेल्या एका पोरक्या मुलाला याच न्यायाने परत पाठवले असते, तर हे निवेदन लिहायला बाख तेथे नसते. त्यांचा शेरा संगीतापुरता होता, मुलांच्या माणूसपणाविषयी नव्हता, हे खरे. परंतु संस्थेचा लौकिक आणि दुबळ्या मुलाची जागा यांच्यात निवड करण्याची वेळ आली, की थोर शिक्षकाचाही हात कसा कठोर होतो, हे ती यादी दाखवते.

दोन महिन्यांनी, २८ ऑक्टोबर रोजी, बाखनी एक पत्र लिहिले. ते गेओर्ग एर्डमानला होते. तीस वर्षांपूर्वी ओरड्रुफहून बरोबर निघालेला तो वर्गमित्र आता रशियाचा प्रतिनिधी म्हणून डान्त्सिग येथे मोठ्या हुद्द्यावर होता. वरिष्ठांना संगीताची आस्था नाही, महागाई फार आहे, सतत मत्सर आणि छळ सोसावा लागतो, अशी कैफियत मांडून बाखनी त्याच्याकडे दुसरी नोकरी मागितली. त्यात एक विलक्षण तपशील आहे. वार्षिक सातशे थालरांपैकी मोठा भाग लग्ने आणि अंत्ययात्रा यांच्या दक्षिणेचा. गेल्या वर्षी हवा निरोगी राहिल्याने लोक कमी मेले आणि शंभरांहून अधिक थालरांचे नुकसान झाले, असा हिशेब त्यांनी दिला. मुलाबाळांच्या घरातील कर्त्या पुरुषाची ही ओढाताण हसू आणते आणि डोळ्यांत पाणीही. दुसरी नोकरी मिळाली नाही. बाख लाइपझिगमध्येच राहिले.

दोन मुख्याध्यापक

त्याच वर्षी योहान माथियास गेस्नर हे नवे मुख्याध्यापक आले. विद्वान आणि संगीताचे जाणकार असलेल्या गेस्नर यांनी बाख यांची बाजू सांभाळली. १७३१-३२ मध्ये इमारतीवर मजले चढवून मुलांना मोकळी जागा मिळवून दिली. एकाच वेळी वाजवत, डोळ्यांनी आणि बोटांनी ताल देत, एकेकाला त्याचा सूर पुरवत पूर्ण वृंद सावरणाऱ्या बाख यांचे शब्दचित्र गेस्नर यांनीच पुढे एका लॅटिन ग्रंथाच्या टिपेत रेखाटले आहे. १७३४ मध्ये ते गेले आणि सत्तावीस वर्षांचे योहान आउगुस्ट एर्नेस्टी मुख्याध्यापक झाले.

एर्नेस्टी हेही मोठे विद्वान. शाळा म्हणजे ज्ञानार्जनाची जागा. गाण्या-वाजवण्यात मुलांचा वेळ जातो, असे त्यांचे मत. १७३६ मध्ये वादाला तोंड फुटले. गायकवृंदाच्या एका नायक विद्यार्थ्याने खोडकर लहान मुलांना प्रमाणाबाहेर शिक्षा केली. एर्नेस्टींनी त्याला सर्वांसमोर फटके देण्याचा हुकूम काढला. बाखनी रदबदली केली, व्यर्थ. मुलगा शाळा सोडून पळाला. त्याच्या जागी एर्नेस्टींनी परस्पर नेमलेला विद्यार्थी बाखना नालायक वाटला. तो वृंदासमोर उभा राहिला, तेव्हा बाखनी त्याला चर्चमधील गायकांच्या सज्जातून हाकलून दिले. नायक नेमण्याचा अधिकार कोणाचा, यावर अर्ज, प्रतिअर्ज, थेट राजापर्यंत तक्रारी झाल्या. दोन वडीलधाऱ्यांच्या भांडणात मधल्या मध्ये भरडली गेली ती मुले.

या वादात एकच बाजू खरी मानणे सोपे नाही. विद्येचे महत्त्व सांगणारे एर्नेस्टी चुकीचे नव्हते. गाणे हीच ज्यांची शाळेत येण्याची वाट होती, त्या मुलांच्या संगीताचा मान राखणारे बाखही नव्हते. जी शाळा मुलाच्या गळ्यावर जगते, तिने त्याच्या बुद्धीचीही चिंता वाहिली पाहिजे. आणि जी बुद्धीची चिंता वाहते, तिने त्याच्या कलेला वेळेचा अपव्यय म्हणू नये. हे दोन्ही एका ठिकाणी नांदू शकते, हे गेस्नर यांच्या चार वर्षांनी दाखवले होते.

अखेर आणि नंतर

उत्तरायुष्यात बाखनी कान्ताता लिहिणे बरेच कमी केले आणि ते शिष्यांकडे व गहन रचनांकडे वळले. मे १७४७ मध्ये त्यांनी प्रशियाच्या फ्रेडरिक राजापुढे वादन केले आणि राजाने दिलेल्या स्वरकल्पनेवर पुढे एक संपूर्ण ग्रंथ रचला. बी मायनर मासची बांधणी पुरी झाली. ‘आर्ट ऑफ फ्यूग’ अपुरे राहिले. दृष्टी अधू होत चालली होती. १७५० च्या वसंतात एका इंग्रज डॉक्टराने डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली; दृष्टी पूर्ण गेली आणि प्रकृती ढासळली. २८ जुलै १७५० रोजी त्यांचे निधन झाले. नगरसभेने त्यांच्या जागेसाठी नव्या उमेदवाराची परीक्षा वर्षभर आधीच, ते हयात असताना, घेऊन ठेवली होती. सेंट जॉनच्या दफनभूमीत ओकच्या पेटीत त्यांना पुरले. थडग्यावर नावाचा दगडही लागला नाही.

अन्ना माग्डालेना यांची पुढची दहा वर्षे हलाखीत गेली. १७६० मध्ये धर्मादायावर जगणारी विधवा म्हणून त्या वारल्या. शाळेच्या घरात आणखी सहा महिने राहता यावे, यासाठी त्यांनी पतीच्या कान्तातांच्या एका मोठ्या संचातील गायक-वादकांच्या प्रती शाळेला दिल्या. त्या विधवेच्या गरजेमुळे त्या शाळेत राहिल्या आणि म्हणून वाचल्या.

बाहेरच्या जगाने बाखना जुन्या पद्धतीचा पंडित म्हणून बाजूला सारले, तरी टॉमस शाळेतील मुले त्यांच्या रचना गात राहिली. १७८९ मध्ये मोझार्ट लाइपझिगला आला, तेव्हा कँटरपदावर बाख यांचेच शिष्य डोलेस होते. मुलांनी दोन गायकवृंदांसाठी रचलेले बाख यांचे एक गीत गायले. ऐकता ऐकता मोझार्ट भारावून गेला. संपूर्ण स्वरलेखन उपलब्ध नाही असे कळताच त्याने सुट्या सुट्या प्रती मागवल्या, हातांत, गुडघ्यांवर, शेजारच्या खुर्च्यांवर पसरल्या आणि सगळ्या वाचून होईपर्यंत तो उठला नाही. शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने ही आठवण लिहून ठेवली आहे. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा उभे केले आणि मग जगाने बाखना डोक्यावर घेतले. त्याआधीची ऐंशी वर्षे त्यांचे गाणे जपणाऱ्यांत वसतिगृहातली ती पोरे होती.

जुनी शाळा १९०२ मध्ये पाडली गेली. बाख यांच्या अस्थी १९५० पासून टॉमस चर्चमध्ये, गायकवृंद जेथे उभा राहतो त्याच वास्तूत आहेत. शाळेचे वसतिगृह आजही चालू आहे; मुले आजही आठवड्याच्या आठवड्याला तेथे गातात.

संस्थेने ज्यांना उपयोगी म्हटले आणि ज्यांना निरुपयोगी म्हटले, त्यांपैकी कोणाच्या हातून उद्या काय टिकणार, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. ओरड्रुफच्या नोंदवहीने एका मुलाला जागा नाही म्हणून निरोप दिला होता. ल्यूनेबुर्गने तो गाऊ शकेनासा झाल्यावरही ठेवून घेतले. पुढचे सारे संगीत या दुसऱ्या निर्णयानंतर आले आहे.